दोन मिनिटांची तपासणी

आजची पोरं मला सांगतात, की लिनक्सवर चालणारं संगणकाचं मशीन सुरू होतानाच स्वतःची तब्येत तपासतं आणि नवा प्रोग्राम बिघडला असेल तर आपोआप जुन्यावर परत जातं. सांगतात कोणाला, तर मला! अरे बाप्पा, लिनक्सचा पत्ता नव्हता तेव्हा नागपुरात बसून मी हेच केलं होतं. आणि त्यापायी एका पोरीची नोकरी घालवली. हे मात्र आजवर कोणाला सांगितलं नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आमच्या सरकारी कार्यालयात विदर्भातल्या विहिरींच्या पाण्याच्या नोंदी यायच्या आणि कपाटाएवढ्या संगणकावर चढायच्या. त्यावरचा प्रोग्राम माझा होता आणि त्याचा मला भारी तोरा होता. मग जवळच्या कन्हान गावाहून एक मुलगी सहा महिन्यांच्या तात्पुरत्या नेमणुकीवर आली. तिने नवा प्रोग्राम लिहिला. तो चालला तर तिला कायम ठेवायचं, नाहीतर नाही, असं साहेबांनी सरळ सांगितलं होतं. घरी तिच्या पगारावर दोन भाऊ शिकत होते.

नव्याची परीक्षा घ्यायचं काम माझ्याकडे आलं. मी एक युक्ती केली. सकाळी मशीन सुरू झालं की आधी नवा प्रोग्राम लागायचा. त्याने डिस्कवरच्या नोंदींतून ठरलेल्या एका विहिरीची पाणीपातळी दोन मिनिटांत बरोबर काढली तर तो पास. नाही काढली तर मशीन त्याला आपणच बंद करून माझा जुना चालू करायचं आणि त्याचीही तीच परीक्षा घ्यायचं. कोणी हात लावायची गरज नाही. मी तर खूश!

मे महिना होता. नवा रोज नापास, जुना रोज पास. नोंदवहीत मी तसं लिहून खाली झोकात सही ठोकायचो. पोरगी दिवसभर कागदांची भेंडोळी उलगडून चूक शोधत बसायची. एक दिवस म्हणाली, "सर, एकदा जुना पहिले लावून पाहा ना."

मी खवळलो. "माह्या प्रोग्रामले काय तपासायचं आहे वं? तीन वर्षांपासून चालून राहिला तो!"

पण बोलणं मनात राहिलं. तिच्या मुदतीचे दोनच दिवस उरले होते. ती जेवायला गेली तेव्हा मी मशीन बंद केलं आणि जुना आधी लावून पुन्हा सुरू केलं. जुना नापास झाला! त्याच्या मागून नवा लागला आणि चुटकीसरशी पास झाला.

मी मशीन पुन्हा बंद करून सुरू केलं आणि घड्याळ धरून पाहिलं, तेव्हा उलगडा झाला. कूलर सुरू झाले की साऱ्या इमारतीचं व्होल्टेज पडायचं आणि नोंदींची डिस्क पुरी गती घ्यायला तीन मिनिटं लावायची. पहिला येईल तो नापासच होणार. दुसऱ्याला तयार डिस्क मिळणार. दोष तिच्या प्रोग्राममध्ये नव्हताच. माझ्या दोन मिनिटांत होता.

नोंदवहीत मी काय लिहिलं असेल? "व्होल्टेज कमी असल्याने नवा प्रोग्राम चालत नाही." खोटं नव्हतं म्हणा. पण खरंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी ते वाचलं. ती बाजूच्या टेबलाशी उभी होती. साहेब मला म्हणाले, "त्याच व्होल्टेजवर तुझा जुना चालते ना?"

माझी तपासणीच चुकली, एवढं म्हणायचं होतं. तोंड उघडलं आणि म्हणालो, "चालते, साहेब."

तिची मुदत वाढली नाही. जाताना माझ्यापाशी आली. वाटलं, आता चारचौघांत माझी खरडपट्टी काढणार. ती हळूच म्हणाली, "सर, दोनाच्या जागी पाच मिनिटं ठेवा. पुढच्या माणसाचं नुकसान नको व्हायले."

म्हणजे तिला सगळं कळलं होतं. मला इतकी लाज वाटली, की तिला साधं 'बस जरा' असंही म्हणालो नाही.

सोमवारी मी पाच मिनिटं केली. तिचा प्रोग्राम पहिल्याच दिवशी पास झाला आणि पुढे कित्येक वर्षं चालला. साहेबांनी माझी पाठ थोपटली. म्हणाले, "तूच दुरुस्त केला ना गा?"

मी हो म्हणालो.