निळ्या पेटीतली कुल्फी

आटपाडीच्या एसटीत शेजारच्या बाईंच्या मांडीवर निळी पेटी होती. हात लागला तर गारेगार! उन्हानं पाघळलेला मी म्हणालो, "एक कुल्फी द्या."

"आवं दादा, ही कुल्फी मांडीत टोचत्यात! बाळांची लस हाय."

सगळी गाडी हसली आणि तेवढ्यात बंद पडली. बाई ताडकन उठल्या. "पयलं लस परदेशातनं कवा येती म्हणून थांबायचं. आता आपल्या पुण्यात बनतीया, आन् अडली कुठं? ह्या खटाऱ्यात! बर्फ वितळायच्या आत वाडीवर पोचायचंय. उतरा समदी, ढकला!"

आम्ही जीव तोडून ढकललं. गाडी सुरू झाली! सगळे पळत चढले. मी मात्र रस्त्यात उभा राहून आनंदानं टाळ्या वाजवत होतो.

लस बाळांकडं निघाली, आणि तिच्यासोबत माझी पिशवीही.