टाकीचं गाणं

१९९८च्या दिवाळीनंतर तो माझ्या दुकानात जळालेला पंप घेऊन आला. रत्नागिरीत माझं मोटर वायंडिंगचं दुकान होतं आणि लग्नसराईत मी एका ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवायचो. चाळिशी उलटलेला माणूस, डोक्यावर केस नाहीत, डाव्या कानात तीन बाळ्या. पंप खाली ठेवून त्यानं विचारलं, "ड्रम वाजवणारा तूच काय?"

मी हो म्हटलं.

"मग ऑर्केस्ट्रात एवढं घाबरत का वाजवतोस?"

तो जयगडच्या वाटेवरच्या एका गावचा, आंब्याच्या बागा असलेल्या घरातला धाकटा मुलगा. कॉलेजसाठी मुंबईला गेला आणि तिथं तिघा मित्रांबरोबर बँड काढून पंक गायला लागला. पंक म्हणजे काय हे मला त्यानंच सांगितलं. तीन कॉर्ड, दोन मिनिटं, घसा फाटेस्तोवर ओरडायचं. सूर सुटला तरी चालेल, खोटं गायचं नाही. पंधरा वर्षं तो कॉलेजांच्या हॉलमध्ये आणि गोदामांमध्ये इंग्रजी गाणी गात राहिला. एक कॅसेट निघाली. मग गिटारवाला आखातात गेला, दुसरा बँकेत चिकटला, ड्रमवाला दारूनं गेला. हा एकटा उरला आणि गावी परत आला. थोरल्या भावानं त्याला बागेतल्या फवारणीवर देखरेखीला ठेवलं. भाऊ वाईट नव्हता. पण चारचौघांत म्हणायचा, "ह्याच्या ओरडण्यानं निदान माकडं तरी पळतात."

मी त्याला अहो-जाहो करायला लागलो तेव्हा तो म्हणाला, "पुन्हा अहो म्हणालास तर दुसरा ड्रमवाला बघेन." दुसरा कोण मिळणार होता? पण त्या दिवसापासून मी त्याला अरे-तुरेच केलं.

गिटारला आम्हाला खेडकडचा एक शेतकऱ्याचा मुलगा मिळाला. वय तिशीचं, लोट्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका केमिकल कंपनीत ऑपरेटर. साप्ताहिक सुट्टीला एसटीनं साडेतीन-चार तास बसून यायचा. कपडे बदलून आला तरी अंगाला कुजक्या लसणासारखा वास असायचा. बोटं पिवळी पडलेली. आंब्याच्या पेट्या भरायच्या शेडमध्ये आम्ही तालीम करायचो. हंगाम सुरू झाला की शेड पेट्यांनी भरायची आणि आमची तालीम बंद.

पहिला कार्यक्रम एका वाडीतल्या सत्यनारायणाच्या पूजेला झाला. मंडळी सिनेमातली गाणी ऐकायला बसली होती. तिसऱ्या गाण्यानंतर पुढच्या रांगेतले एक म्हातारे उठून स्टेजपाशी आले आणि हळूच म्हणाले, "बाबू, तुला कुठं दुखतंय काय रे?"

आम्ही दोघं हसलो. तो हसला नाही. खाली वाकून म्हणाला, "होय काका." आणि पुढचं गाणं सुरू केलं.

दोनेक वर्षं अशीच गेली. लोक मधूनच उठून जायचे, कधी पोरं हुर्यो करायची, पण गिटारवाल्याची एक सुट्टी चुकली नाही. तो फार कमी बोलायचा. एकदा म्हणाला, "कंपनीत आठ तास कानात बोळे असतात. हितं आलो की मोकळं वाटतं." तेवढंच.

मग एका सकाळी शेजारच्या एसटीडी बूथवर माझ्यासाठी फोन आला. कंपनीत टाकी साफ करायला एक कामगार उतरला होता, तो वर येईना म्हणून आमचा गिटारवाला खाली उतरला. टाकीत वायू साचला होता. दोघंही गेले.

आम्ही पहिली एसटी पकडून खेडला गेलो. दवाखान्याच्या आवारात त्याची बायको एका बाकावर बसली होती. मांडीवर तीन वर्षांची मुलगी झोपलेली. वहिनींनी आम्हाला पाहिलं आणि म्हणाल्या, "त्यांना उतरायला कोणी सांगितलं नव्हतं, असं कंपनीवाले म्हणतात." 

परत आल्यावर तो आठ दिवस शेडमधून बाहेर आला नाही. नवव्या दिवशी मला बोलावणं आलं. गाणं तयार होतं. त्याची सुरुवात अशी होती: "टाकी धुवून झाली, साहेब, आता माणूस कुठं वाळत घालू?" पहिल्यांदाच तो मराठीत गात होता. 

जानेवारीत एका कॉलेजच्या गॅदरिंगला ते गाणं म्हटलं. गिटार त्यानंच गळ्यात अडकवली होती, दोनच कॉर्ड वाजवत होता. संपलं तेव्हा हॉलमध्ये कोणी टाळी वाजवली नाही. मग मागून कोणीतरी पाय आपटायला लागलं आणि सगळा हॉल पाय आपटू लागला. तेच गाणं आम्हाला तीनदा म्हणावं लागलं. कोणीतरी टेप केलं होतं. महिन्याभरात त्या कॅसेटच्या प्रती लोट्यापर्यंत पोचल्या. कामगारांना आणणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये ड्रायव्हर ती कॅसेट लावतो, असं कानावर आलं. आयुष्यभर ज्याला कोणी ऐकलं नाही, त्याचं गाणं माणसं पहिल्या पाळीला जाताना ऐकत होती. तो त्या दिवसांत सुखी होता असं म्हणवत नाही. पण ताठ चालायचा.

मार्चमध्ये एका दुपारी वहिनी आल्या. बागेत तोडणी चालू होती, आम्ही दोघं ओट्यावर बसलो होतो. त्या पाणी प्यायल्या, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "भावजी, ते गाणं म्हणू नका."

"तुम्हाला कोणी पाठवलं?" त्यानं विचारलं.

"पाठवलं कोणी नाही. साहेब बोलले. कँटीनमध्ये घेतायत मला. नोकरीचं पत्र टाइप होऊन पडलंय. गाणं चाललंय तोवर सही होत नाही."

"म्हणजे त्यांना ऐकू जातंय," तो म्हणाला. त्याच्या आवाजात आनंद होता, आणि तो त्याचा त्यालाही ऐकू आला असावा, कारण त्यानं लगेच मान खाली घातली.

"त्यांना जातंय ऐकू," त्या म्हणाल्या. "पण चूल माझी आहे."

 मग त्यानं विचारलं, "तुम्ही ऐकलंत गाणं?"

"अर्धंच ऐकलं, शेजारच्यांकडे. खरं आहे सगळं. म्हणून तर आले."

तो उठला, शेडमधून त्या गाण्याची कॅसेट आणली आणि माझ्या हातात दिली. "ह्याच्यावर काहीतरी भर," म्हणाला. मी घरी जाऊन तिच्यावर रेडिओवरच्या बातम्या भरल्या. पुढं त्यानं ते गाणं कुठंच म्हटलं नाही. वहिनींच्या पत्रावर एप्रिलात सही झाली.

पुढच्या वर्षी त्याच वसाहतीत दुसऱ्या एका कंपनीत माणूस भाजून गेला. कामगारांनी गेटवर सभा ठेवली. दोघे पुढारी मोटारसायकलवरून त्याला बोलवायला आले.

"ते एकच गाणं म्हणा," त्यातला एक म्हणाला. "भाषण आम्ही करतो."

"ते म्हणत नाही मी आता. दुसरं म्हणतो."

"दुसरं नको. किती मिळाले गप्प बसायचे?"

त्यानं त्यांना चहा दिला, तो त्यांनी घेतला नाही. पंधरा दिवसांनी एक पत्रक निघालं. त्यात लिहिलं होतं की आपल्यासाठी ओरडणारा गवई आता कंपनीच्या ताटात जेवतो. मी ते पत्रक घेऊन तणतणत त्याच्याकडे गेलो. "मी जाऊन सांगतो त्यांना खरं काय ते."

"काय सांगशील? तिचं नाव? उद्या कँटीनच्या दारात तिला अडवतील."

"मग तू ऐकून घेणार?"

"मी आयुष्यभर लोकांना ऐकवलं. आता थोडं ऐकून घेतो."

पत्रकाची घडी घालून त्यानं खिशात ठेवली. त्या वर्षी आणि त्याच्या पुढच्या वर्षी आम्हाला एकही बोलावणं आलं नाही. आम्ही दोघंच शेडमध्ये वाजवायचो. मीही पुन्हा लग्नांत वाजवायला लागलो होतो.

पुढं दोनेक वर्षांनी मुंबईच्या काही मुलांनी जुन्या बँडांचा कार्यक्रम केला आणि त्याला शोधून काढलं. ड्रमला मी गेलो. वीस-बावीस वर्षांच्या मुलामुलींना त्याची जुनी इंग्रजी गाणी पाठ होती. त्यांनी त्याला खांद्यावर घेतलं. पन्नाशीला आलेला माणूस, गुडघे दुखत होते, आणि खाली उतरवा कसं सांगावं ते त्याला कळत नव्हतं. परतीच्या गाडीत मी म्हटलं, "बघ, विसरले नाहीत."

"जे विसरायला हवं होतं ते विसरले नाहीत," तो म्हणाला, आणि रत्नागिरी येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसला.

वर्षभरात त्याचा आवाज बसला तो बसलाच. आम्ही म्हटलं ओरडण्यानं, विड्यांनी. मिरजेला तपासणीला नेलं तेव्हा घशात गाठ निघाली. स्वरयंत्र काढायला लागलं. गळ्याला भोक पाडून श्वासाची सोय केली. तो घरी आला, तेव्हा भावानं फवारणीची एक कोरी नोंदवही त्याला लिहायला दिली. पण तो फारसं लिहायचा नाही. मी गेलो की बोटानं बाजूची खुर्ची दाखवायचा. आम्ही नुसते बसायचो. शेजारच्या बागेत माकडं आली की भाऊ स्वतःच पत्र्याचा डबा बडवायचा.

तो गेला त्याच्या दोन महिने आधी वहिनी त्याला बघायला आल्या. जरा जाड झाल्या होत्या, केस पांढरे व्हायला लागले होते. बराच वेळ त्याच्या गळ्याकडे न बघता बोलत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "भावजी, मी कायम झाले. दोन वर्षं झाली. तुम्हाला येऊन सांगायचं होतं, की आता म्हणालात तरी चालेल. धीर झाला नाही."

मी त्याच्याकडे बघू शकलो नाही. वही ओढल्याचा आवाज आला. त्यानं लिहून वही त्यांच्यापुढं केली. मी वाकून वाचलं: मुलगी कितवीत?

"पाचवीत," त्या म्हणाल्या, आणि मग रडल्या.

त्यांना स्टँडवर सोडायला मी गेलो. गाडीला वेळ होता. बाकावर बसल्यावर त्यांनी विचारलं, "ते गाणं पुरं मी कधी ऐकलंच नाही. तुम्हाला येतं का?"

मला सगळं येत होतं, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत.

"नाही," मी म्हटलं. "मी फक्त ड्रम वाजवायचो."

असं का म्हणालो ते मला अजून नीट सांगता येत नाही. त्यांच्यावरचा राग असेल, किंवा स्टँडवर माणसं होती म्हणून असेल. त्यांनी मान हलवली. चिपळूणची गाडी लागली, त्यांना खिडकी मिळाली. मी गाडी सुटेपर्यंत थांबलो आणि दुकान उघडायला गेलो.