कुर्बानभाऊचं नरसाळं

बाळापूरच्या कुर्बानला अकोल्यात नळाची कामं करता करता पंचवीस वर्षं झाली. या पंचवीस वर्षांत त्याने एक गोष्ट कधी केली नाही, ती म्हणजे स्वतःची चूक कबूल करणं. तोटी गळाली तर वॉशर खराब, पाइप फुटला तर बनवणारा खराब, आणि दोन्ही धड निघाले तर अकोल्याचं पाणी खारं. माणूस हाताचा पक्का होता, म्हणून लोक त्याचं हे पुराण चहासोबत ऐकून घ्यायचे. त्याची बायको आबेदा मात्र हसून म्हणायची, "यायच्या हातानं काही बिघडलं, का तो हात दुसऱ्याचाच असते."

शहराच्या कडेच्या एका लेआउटात बारा घरांच्या गच्च्यांवर कुर्बानने बसवलेले पाणी तापवायचे सोलर होते. गल्लीतून जाताना तो मान वर करून त्या टाक्या मोजायचा आणि मनातल्या मनात खूश व्हायचा.

एप्रिल संपत आलेला. सकाळी दहालाच ऊन असं, की गाडीच्या सीटवर बसवत नव्हतं. खुशालरावांचा फोन आला. "कुर्बान, सोलर गुरगुरून राहिला. येऊन पाह्य बरं."

कुर्बान गच्चीवर पोचला तेव्हा तिथे कुरडयांचा घाट होता. या गल्लीची रीतच ती. खुशालरावांची गच्ची सगळ्यांत ऐसपैस, म्हणून रोज एका घरच्या कुरडया तिथे व्हायच्या आणि हात सगळ्या घरांचे लागायचे. मधोमध खुशालरावांच्या आशाबाई साचा धरून बसल्या होत्या आणि भोवती सहा-सात बायका साड्या अंथरून चीक दाबत होत्या. त्यांच्यापासून चार हातांवर टाकी गुरगुरत होती.

कुर्बानने वर पाहिलं. टाकीची वाफ बाहेर पडायला उघडा ठेवलेला पाइप बंद होता. पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीच्या झाडाचं, जाड लाकूड तासून, फडकं गुंडाळून त्यात ठोकलं होतं आणि वरून सायकलच्या ट्यूबची पट्टी करकचून आवळली होती.

"हे कोनं केलं?"

"म्या," आशाबाई म्हणाल्या. "रोज दुपारी उकळतं पाणी थुकते तो पाइप. परवा शेजारच्या तानुबाईच्या साऱ्या कुरडयायची लापशी झाली. लोकायचा चीक माह्या गच्चीवर नासला, तं तोंड कसं दाखवू?"

"सगळ्या खाली चाला. आत्ताच."

"चीक गार होईन, भाऊ. गार चिकाची कुरडई तुटते."

"तुटू द्या, भाभी. टाकी फुटली तं कुरडई खायले कोनी राह्यणार नाई."

त्याचा आवाज ऐकून बायका निमूट उठल्या. खुशालराव मात्र बूच ओढायला पुढे सरसावले. कुर्बानने त्यांचा दंड धरला. "हात नोका लावू. बूच सुटलं का सारी वाफ तोंडावर येईन."

आधी त्याने सोलरच्या काचेच्या नळ्यांवर बारदाना आणि दोन जुन्या गोधड्या टाकल्या, म्हणजे ऊन लागायचं थांबलं. थंड पाण्याची टाकी भरलेली आहे याची खात्री केली. मग खाली न्हाणीत जाऊन, अंग बाजूला ठेवून, गरम पाण्याची तोटी केसभर उघडली. तोटीने वाफेसकट पाण्याची पिचकारी मारली. शेजारची थंड पाण्याची तोटी त्याने पूर्ण सोडून ठेवली, कारण नुसतं उकळतं पाणी गेलं तर मोरीचा प्लास्टिकचा पाइप वाकतो. अकोल्यात नळ कितव्या दिवशी येईल याचा नेम नाही, तेव्हा ते कोमट पाणी गल्लीभरच्या टपांत भरून घेतलं गेलं, हे सांगायलाच नको.

दोन तासांनी टाकी गप झाली आणि तोटीला गार पाणी आलं. कुर्बानने वर जाऊन बूच काढलं. जीव भांड्यात पडला तसे सगळ्यांना शब्दही फुटले, आणि ते सगळे आशाबाईंवरच पडले. खुशालराव म्हणाले, "एका शब्दानं इचारलं असतं तं?" तानुबाई म्हणाली, "आमी तिथंच बसलो व्हतो नं, माय." एरवी चौघींना पुरून उरणाऱ्या आशाबाई खाली मान घालून पदराचं टोक पिळत राहिल्या.

कुर्बान पान्हा पुसत उभा होता. हा पाइप बसवला तो दिवस त्याला लख्ख आठवत होता. जुम्म्याची नमाज गाठायची घाई होती. पाइपाचं तोंड गच्चीकडे होतं, ते दिसलंही होतं, आणि 'थेंबभर पाण्यानं काय होते' म्हणून त्याने पिशवी उचलली होती. आता गप्प बसलं तर सगळं बाईच्या नावावर जाणार होतं आणि त्याचं नाव शाबूत राहणार होतं. त्याला स्वतःची लाज वाटली.

"भाभीले नोका बोलू," तो म्हणाला. "बूच त्यायनं मारलं, पण पाणी गच्चीवर म्या सोडलं. ते नालीत न्यायले पायजे व्हतं. चूक माही हाय."

"मंग कर नीट," खुशालराव म्हणाले आणि शिडी आणायला गेले.

दुपारभर राबून कुर्बानने काम नीट केलं. पाइपाचं तोंड उघडंच ठेवून खाली वळवलं. त्याच्याखाली बोटभर अंतरावर स्टीलचं नरसाळं बसवलं, आणि नरसाळ्यापासून गरम पाणी सोसणारा जाड पाइप सरळ उताराने मागच्या नालीवर नेला. मध्ये बंद करायला एकही कॉक नाही. खालचं टोक नालीच्या वर वीतभर सुटं, म्हणजे पाणी पडलं की दिसावं आणि तिथे कोणी उभं राहू नये. "वरचं तोंड हे टाकीचं नाक हाय," त्याने बजावलं. "ते कधी बुजवू नोका."

जाताना त्याने आशाबाईंना हळूच सांगितलं, की हे पहिलंच घर होतं आणि एकदा निभावलं म्हणून पुढच्या अकरा घरीही त्याने पाणी असंच सोडलं आहे आणि उद्या तो घरोघरी जाणार आहे. ही बारा घरं म्हणजे त्याची सारी पत.

सकाळी पहिल्या घरी, म्हणजे शेजारच्या दामिनीच्या फाटकाशी येऊन तो पिशवी खांद्यावर घेऊन नुसता उभा राहिला. कडीला हात जाईना. मागून चपला वाजल्या. डोक्यावर पदर घेतलेल्या आशाबाई त्याच्याकडे न बघताच कडी काढून आत शिरल्या.

"दामिनी, म्या सोलरच्या पाइपाले बूच मारलं व्हतं. टाकी फुटता फुटता राह्यली. तू तं काही केलं नाई नं?"

दामिनी ओशाळली. तिनेही पाइपाला फडकं बांधलं होतं.

"फडकं राहू दे, पोरी," कुर्बान पुढे होऊन म्हणाला. "कोनी हात नोका लावू, मी पाह्यतो. पाइप म्याच चुकीचा सोडला व्हता. आज नीट करून देतो."

"मंग चहा घेऊनच वर जा," दामिनी म्हणाली आणि आत गेली. एवढंच झालं.

दुसऱ्या घरी कडी कुर्बाननेच काढली; आशाबाईंना पुढे व्हावं लागलं नाही.