शेजाऱ्याने दिलेले नऊ गुण

कॅनडात पाऊल न टाकता कॅनडाचा कायदा इतक्या कडकपणे पाळणारा माणूस अख्ख्या श्रीरामपुरात आमच्या शेजाऱ्याखेरीज दुसरा नसेल. हा साखर कारखान्यात फिटर. वकिलातीकडून माहितीपत्रक आले आणि याने गल्लीला गुण द्यायला सुरुवात केली. तिकडे कायमचे राहायला जायचे तर शिक्षण, धंदा, वय यांचे गुण मोजतात. शंभरांत पन्नास लागतात. न्हाव्याला त्याने एकेचाळीस दिले, शिंप्याला अडतीस. मी बाजार समितीतला कारकून, मला नऊ. "कारकून तिथं लई हायती, भाऊसाहेब." कुणाशी वाजले की लगेच त्याचे गुण कापायचा. त्याचा स्वतःचा मेहुणा आठवडाभर जास्त राहिला तेव्हा चहाचा कप पुढे करत याने विचारले, "पाव्हनं, मुदतवाढीचा अर्ज केलाय का?" स्वतः तो चोपन्नावर होता. ती बेरीज मी तीनदा तपासून दिली होती.

अर्ज तपासायलाही त्याने मलाच बोलावले. 'डिपेंडंट', म्हणजे आपल्यावर अवलंबून असलेली माणसे, या रकान्यात सात नावे होती: बायको, दोन मुले, वारलेल्या भावाच्या तीन मुली आणि सगळ्यांच्या वर, याला लहानाचा मोठा करणारी विधवा आत्या.

"आपल्या चुलीवर जेवत्यात हे समदे," तो म्हणाला.

मी पत्रकावर बोट ठेवले. डिपेंडंट म्हणजे बायको आणि स्वतःची, एकवीस वर्षांखालची, बिनलग्नाची मुले. लाल पेन्सिलीने चार नावे खोडली आणि खाली 'एकूण तीन' लिहिले.

आत्या उंबऱ्याशी तांदूळ निवडत बसली होती. "माझं नाव खोडलं व्हय?"

तिला व्याख्या कळली नसेल असे वाटून मी ती पुन्हा, सावकाश सांगितली. उदाहरण म्हणून तिचेच नाव घेतले.

"बरं," ती म्हणाली. "चा घेनार न्हवं?"

मी तो घेतलाही. आजही ते आठवले की मान वर होत नाही.

अर्ज गेला नाही. मी विचारले तर हसून म्हणाला, "माझी मानसं सात हायती, भाऊसाहेब. तिथं तिघांचीच जागा हाय." माझी बेरीज बरोबर होती, व्याख्याही बरोबर होती, आणि हे मी घरीसुद्धा कुणाला सांगू शकलेलो नाही.

याला वर्ष झाले. एवढ्यातेवढ्यावरून गुण कापणारा हा माणूस, माझे कापील म्हणून मी वाट पाहत होतो. परवा न राहवून विचारलेच.

"नऊच तर हायती," तो म्हणाला. "त्यातनं काय कापू, भाऊसाहेब? चला, आत्यानं चा टाकलाय."