डेन कॅलोवेची पाठ

एल्डन प्रुइटच्या लग्नाचा फोटो बघाल तर हसू येईल. ओपल सरळ समोर बघते आहे आणि आमचा नवरदेव मान वळवून चर्चच्या खिडकीकडे! ओपलची आई म्हणालीसुद्धा होती, "पोरगा पळायची वाट शोधतोय की काय?" तसलं काही नव्हतं. एल्डन तेव्हाही हिरोंच्या बदली घोड्यावरून पडायचं काम करायचा, आणि आमच्या त्या धंद्याचा पहिला नियम असा, की हाडं मोडली तरी चालतील, पण कॅमेऱ्याला तोंड दिसता कामा नये. तोंड हिरोचं, पाठ आपली. कॅमेरा दिसला की त्याची मान आपोआप फिरायची, मग तो कॅमेरा सिनेमाचा असो की मेव्हण्याचा.

पुढे टेलिव्हिजनवर 'ड्राय फोर्कचा शेरीफ' ही मालिका सुरू झाली आणि एल्डन तिच्या हिरोची, डेन कॅलोवेची पाठ झाला. छपरावरून उडी मारणारा शेरीफ, धावत्या घोडागाडीवर चढणारा शेरीफ, खिडकीची काच फोडून बाहेर पडणारा शेरीफ, हा सगळा आमचा एल्डन. कॅलोवेही घोड्यावर बसायचा, नाही असं नाही. घोडा उभा असेल तर! माणूस वाईट नव्हता हो, ख्रिसमसला आठवणीने हॅम पाठवायचा. पण घोडा नुसता शिंकला तरी त्याच्या तोंडचं पाणी पळायचं.

दर शनिवारी संध्याकाळी एल्डनची मुलगी नोरीन टीव्हीसमोर पालथी पडून ओरडायची, "हा डॅडी! हा नाही, हा तो शेंबड्या. आता बघ, हा डॅडी!" बापाची पाठ तिला धुळीतही ओळखू यायची. एकदा जेवताना ती म्हणाली, "डॅडी, तू एकदा तरी वळून बघ ना रे. शाळेत कुणी खरं मानत नाही. मला थापाडी म्हणतात."

"वळलो तर हाकलून देतील, बाळा," एल्डन बीन्स चिवडत म्हणाला.

"मग दुसरं काहीतरी कर."

करणार तरी काय? ओक्लाहोमातलं शेत धुळीच्या वादळांनी गिळलं तेव्हा बापाबरोबर ट्रकवर बसून इकडे सिनेमावाल्यांच्या मुलखात आलेला माणूस. घोड्यांपलीकडे काही येत नव्हतं. चाळिशी उलटून गेलेल्या, पडून पडून खिळखिळ्या झालेल्या माणसाला दुसरं कोण घेणार? आणि कॅलोवेच्या मापाचे खांदे असलेला हाच एक, म्हणून मालिकेवालेही त्याला दुसऱ्या कुणाकडे जाऊ देत नव्हते. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. रात्री पाठीला तेल चोळताना ओपल म्हणायची, "ही पाठ त्या कॅलोवेची आहे ना? मग त्याच्या बायकोला सांग चोळायला!"

आणि मग तो भाग आला. त्यात शेरीफ घोड्याखाली सापडतो. वर खडकांवरून बदमाश गोळ्या झाडताहेत, घोडा मेलाय, शेरीफचा पाय त्याच्याखाली, आणि तशाही अवस्थेत तो पिस्तूल उगारून लढतोय.

घोडी एल्डनची स्वतःची, ज्युनिपर. तिला त्यानेच शिकवलं होतं. एकदा आडवी झाली की मानेवर दोनदा थोपटेपर्यंत मेल्यासारखी पडून राहायची. पायासाठी जमिनीत एक लांबट खड्डा खणायचा. घोडीचं वजन दोन्ही काठांवर, पाय आत मोकळा. आणि आमच्यात रीत अशी, की पडणाऱ्याने आपला खड्डा आपणच खणायचा. दुसऱ्यासाठी खड्डे खणणारे जगात पुष्कळ आहेत. आमच्या धंद्यात ते चालत नाही.

एल्डनने सकाळीच कडक जमीन बघून खड्डा खणला होता. पण कॅलोवे टोपीवरून रुसून बसला. टोपी म्हणे त्याला म्हातारा करते! त्याची समजूत काढेपर्यंत ऊन कलंडलं आणि खड्ड्यावर खडकाची सावली आली. डायरेक्टर हर्शने कॅमेरा उचलून कोरड्या ओढ्यात नेला.

"ये एल्डन, पोरांनी नवा खड्डा खणलाय."

"एकदा बघून घेतो, साहेब."

"त्यात काय बघायचंय? खड्डा तो खड्डा! उजेड चाललाय बाबा, नखरे करायला एक जण पुरे आहे इथे."

घोडे सांभाळणारा टोबी बकनर जवळ येऊन पुटपुटला, "एल्डन, ओढ्याची वाळू आहे ती. काठ टिकतील का?"

एल्डनला काय कळत नव्हतं? पण इतक्या वर्षांत तो कधी नाही म्हणाला नव्हता, आणि न वापरलेला शब्द ऐनवेळी तोंडात येत नाही. त्याने ज्युनिपरला अलगद आडवी केली, पाय खड्ड्यात सोडला आणि कॅमेऱ्याकडे पाठ केली.

गोळीबार सुरू झाला आणि काठ ढासळला. आधी नुसती वाळू सरकल्यासारखं वाटलं. मग अख्खी घोडी त्याच्या गुडघ्यावर आली. आई गं! डोळ्यांपुढे काजवे चमकले.

ओरडावं तर बार धडाधड फुटत होते, आणि त्याच्या ओरडण्याने घोडी बुजली असती. घोडा उठताना आधी सगळं वजन खाली देऊन हिसका मारतो. तसा हिसका बसला की पाय कायमचा गेला. म्हणून एक हात तिच्या मानेवर ठेवून तो तिला गप्प राखत होता. "पड बये, पडून राहा." दुसरा हात त्याने वर केला. आमच्यात हात वर म्हणजे लागलंय, थांबवा. पण त्या हातात पिस्तूल होतं आणि गोष्टीतला शेरीफही तेच करत होता.

"वा एल्डन!" मागून हर्श ओरडला. "हात झकास! चालू ठेव!"

पाय हळूहळू बधिर व्हायला लागला. पाचपंचवीस माणसं हाकेच्या अंतरावर उभी, आणि एकालाही कळत नव्हतं की इथे माणूस मरणाच्या वेदनेत आहे. कळणार कसं? वेदना तोंडावर होती, आणि तोंड खडकाकडे. तोंड दिसलं की शॉट वाया, आणि शॉट वाया गेला की हर्श त्याच क्षणी थांबवणार. बस, एवढंच करायचं होतं. मान वळवायची.

मान वळेना. खरं सांगतो, पाय सोडवण्यापेक्षा ते अवघड होतं. सगळी हयात त्या मानेला एकच शिकवलेलं. मग त्याला नोरीन आठवली, टीव्हीसमोर पालथी पडलेली. एकदा तरी वळून बघ ना रे. त्याने दात आवळले आणि वळला, सरळ कॅमेऱ्याच्या डोळ्यात बघितलं.

"कट! कट! अरे तोंड! सगळी माती केलीस, गाढवा, एवढं साधं..." हर्श तणतणत पुढे आला आणि अर्ध्या वाटेत ते तोंड नीट दिसताच त्याचा आवाजच बंद झाला.

टोबीने घोडीचं डोकं मांडीवर धरलं, बाकीच्यांनी हातांनी वाळू उपसली, पाय बाहेर ओढला आणि मगच तिला दोनदा थोपटलं. ज्युनिपर अंग झटकून उभी राहिली, तिला ओरखडाही नव्हता. एल्डनचा पाय वाचला. पण डॉक्टर म्हणाले, थोडा आखूड राहणार. आता ड्राय फोर्कचा शेरीफ काही लंगडत नाही. कंपनीने एक हॅम पाठवला आणि नवी पाठ शोधली.

तो भाग लागला त्या शनिवारी एल्डन प्लॅस्टरमधला पाय स्टुलावर ठेवून बसला होता. शेजारचा लोमॅक्स आला होता. पडद्यावर धूळ, गोळ्या, आडवी ज्युनिपर, वर गेलेला हात. मग ती मान वळायला लागली. नोरीन ताडकन उठून बसली.

मान वळली, आणि पुढे तोंड कॅलोवेचं! घामाचे थेंब शिंपडलेलं, देखणं, भुवई जराशी वाकडी. वळणं एल्डनचं, वळून बघणारा मागाहून जोडलेला कॅलोवे.

"काय काम करतो हा माणूस!" लोमॅक्स म्हणाला. "खरंच दुखतंय असं वाटतं."

ओपलचा संताप झाला; ती तडक उठून स्वयंपाकघरात गेली आणि भांडी आपटायला लागली.

नोरीन टीव्हीसमोर येऊन उभी राहिली, कॅलोवेच्या तोंडाआड. "डॅडी, तू वळला होतास ना? आमच्याकडे बघायला?"

"हो."

"मग इकडे बघ."

एल्डनची मान सवयीने खिडकीकडे गेली होती. ती त्याने परत आणली. बराच वेळ लागला, पण नोरीन तिथेच उभी राहिली.