पोटभाडेकरूचा फ्रीज
"गॅस गेलाय," मी म्हणालो. "आणि फ्रीज तुमचा नाही, म्हणून सही तुमची चालणार नाही."

वत्सलाबाई वैतागल्या. "अहो, वापरते मी, बिघडला माझ्याकडे. मग सही माझी का नको?"

घोडपदेवच्या चाळीतली खोली. गॅस म्हणजे स्वयंपाकाचा नव्हे. फ्रीजच्या नळ्यांत फिरून थंडावा आणतो तो. तो गळला की मोटर चालते, पण पाणीसुद्धा गार होत नाही. असा फ्रीज दादरला आमच्या वर्कशॉपमध्ये न्यावा लागायचा, आणि त्याआधी जॉब कार्डावर मालकाची सही. साहेबांचा नियम.

फ्रीजचा मालक गोपाळ, गिरणीत माग चालवणारा साचेवाला. बोनसमध्ये त्याने हा जुना फ्रीज घेतला होता. गिरण्यांचा संप लांबला तसा तो बायकापोरांसह मालवणकडे गावी गेला आणि सामानासकट आपली भाड्याची खोली वत्सलाबाईंना पोटभाड्याने दिली. बाई परळच्या बालवाडीत शिकवायच्या. मागेपुढे कोणी नाही. 'ज्याची वस्तू त्याने दुरुस्त करावी' असं त्यांनी गोपाळला कळवलं. त्याचं उत्तर आलं, 'जो वापरतो त्याने करावी.' शेवटी बाईच तयार झाल्या, कारण इन्सुलिन. बाटली माठाशी ओल्या फडक्यात ठेवून दिवस काढत होत्या.

"आणि खरं सांगू?" त्या म्हणाल्या, "शाळेतून आले की तो घरघरत असायचा. घरात कुणीतरी आहे असं वाटायचं. आता बंद ठेवलाय तर खोली खायला उठते."

मीही एकटाच. लालबागच्या खाणावळीत जेवायचं आणि पडायचं. मला ते लागलं. मी साहेबांकडे गेलो.

"साहेब, बाई एकट्या आहेत. आजारी आहेत."

"उद्या मालक आला नि म्हणाला फ्रीज चोरला, तर चौकीत तू जाणार?"

"जाईन."

"मोठा आलाय! बरं, आण. पण भाडेकरू म्हणून साफ लिहून ठेव."

मी खुशीत चाळीत गेलो, तर दाराला कुलूप. अशा वेळी कडीत चिठ्ठी अडकवायची आमची पद्धत. मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'फ्रीज न्यायला आलो होतो. मालक गोपाळ गावी. भाडेकरू वत्सलाबाई. उद्या येतो.'

कुठून दुर्बुद्धी सुचली! चाळीत बाई गोपाळची आतेबहीण म्हणून राहत होत्या. पोटभाडेकरू, म्हणजे भाडेकरूने ठेवलेला भाडेकरू, घरमालकाला कळला की तो खोलीच काढून घ्यायला बघतो. मुंबईत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. माझ्याच डोक्यात शिरलं नाही. त्याच दुपारी घरमालकाचा मेहताजी भाड्याच्या पावत्या घेऊन आला आणि चिठ्ठी काढून घेऊन गेला. बाईंना पत्ताच नाही. दुसऱ्या दिवशी मी फ्रीज उचलला, तेव्हा त्यांनी मला चहा पाजला.

पंधरवड्याने दुरुस्त फ्रीज हमालांकरवी वर चढवला. दार एका अनोळखी माणसाने उघडलं. तो गोपाळ.

"बाई कुठे आहेत?"

"गेली. मेहताजीची नोटीस इली, तसो धावत इलंय," तो म्हणाला. मग माझ्यावरच उखडला. "चिठ्ठी तूच लिवलंस ना रे? गिरण गेली, आता खोली पण घालवू काय?"

मी कार्ड पुढे केलं. सामान आवरायला बाईंना एक दिवस मिळाला होता. गोपाळने कार्डावर सही केली. पाणी गार होतंय का तेही त्याने बघितलं नाही.

बालवाडीत गेलो. तिथे बाईंनी नोकरी सोडली होती, पत्ता दिला नव्हता. पुन्हा चाळीत येऊन शेजारच्या काकूंना विचारलं, "त्यांचं गाव कुठलं?"

काकू गोंधळल्या. "अरे, गोपाळची बहीण म्हणून होती ना. मग गाव कोण कशाला विचारील?"

दुरुस्ती कोणी करायची, मालकाने की भाडेकरूने, हे मला अजून नक्की सांगता येत नाही. पण कुलूप दिसलं की मी चिठ्ठी ठेवत नाही. परत जातो.