मस्कतच्या चुलीपुढे गाऱ्हाणं

चहा सावकाश घ्या, पण बशीत ओतू नका. हसताना सांडेल, आणि मग बायका मला बोलतील. हसायचं ते माझ्यावरच आहे, तेव्हा लाजायचंही कारण नाही. लोकांना गंडवण्यात माझा जन्म गेला. पण त्या दिवशी मी स्वतःला जसं गंडवलं, तसं आजवर कुणाला जमलं नाही!

माझा धाकटा भाऊ मस्कतची नोकरी सोडून मालवणला घरी आला, तो एक ओव्हन घेऊन. मोठा थोरला, काचेच्या दाराचा. मी वाडीभर सांगितलं, नवीन टीव्ही आलाय. आमची म्हातारी आत्ये पदर सावरून त्याच्यासमोर अर्धा तास बसली आणि मग म्हणते, "बातम्यो कधी लागतल्यो रे?"

पण ओव्हनची खरी मालकीण भावाची बायको, सुमन. मी सातवी नापास. ती इंग्रजी पुस्तिका मांडीवर घेऊन एकेक शब्द लावत बसायची. महिनाभरात अशी नानकटाई करायला लागली, की जिभेवर ठेवली की विरघळली! मी मुद्दाम तोंड वाकडं करायचो. "बरी आसा, पण दगड म्हणान वापरूक." आणि चार खाऊन उठायचो.

तर तिला पहिली बाहेरची ऑर्डर आली. कसाल गावातल्या लग्नघरची. पाच वाजता जीप येणार. ही गोड लागली तर पुढची दहा लग्नं तिची, बिघडली तर वाडी म्हणणार, बाईमाणसानं बेकरीवाल्यांशी कशाला स्पर्धा केली?

ऑर्डरच्या दिवशी सकाळी आठला सुमन ओव्हनची बटणं दाबून म्हणाली, "भावोजी, ह्यो आता आपलो आपण साफ होतलो. तीन तास तापतलो, मगे निवतलो, आणि दार आपसूक उघडतला. तवसर हात लावू नका."

"आपली आंघोळ आपण करता? मगे आमच्या बाबलाक पण असा एक बटण लाव गो!"

बाबल म्हणजे आमचा शेजारी. होडी समुद्रात, अंग कोरडं, असा माणूस.

सुमन तूप आणि खोके आणायला बाजारात गेली. दोन-अडीच तासांनी बघतो तर काय! ओव्हनची धग भट्टीसारखी, जळका वास, आणि लाल दिवा डोळे वटारून माझ्याकडे बघतोय. तीस वर्षं मी बोटींची इंजिनं दुरुस्त केली. इंजिन तापलं की पहिलं काय करायचं? बंद! मी पडवीत गेलो आणि मेन स्विच खाली ओढला. दिवा विझला. एवढी अक्कल एकट्या माझ्यातच कशी, याचं नवल करत अंगणात सुपारी कातरत बसलो.

बाराला सुमन आली. पंखा बंद. "लाईट गेली?"

"गेली वाटता," माझी बायको म्हणाली. आमच्याकडे लाईट जाणं ही काय बातमी आहे?

मी सुपारी कातरत राहिलो. खोटं बोललो नाही हो, मला कुणी विचारलंच नाही! आणि दार उघडायला लाईट कशाला लागते? आमच्या घराच्या दाराला लागते?

दोन वाजले. ओव्हन थंडगार, दार घट्ट. सुमननं एकदा हलवून बघितलं, एकदा घड्याळ बघितलं. रडली नाही, ओरडली नाही. "लाईटीची वाट बघून चालूचा नाय," म्हणाली आणि घरामागच्या परड्यात गेली. जाड पातेल्यात वाळू घातली, खाली करवंट्यांचे निखारे, झाकणावर निखारे, आत नानकटाईची ताटली. घामानं डबडबलेली, पण हात एकदासुद्धा चुकला नाही. मी बघतच राहिलो. पण पातेल्यात मावणार किती? पाचला जीप!

मग माझ्यातला मेस्त्री जागा झाला. दाराच्या फटीत सुरी घातली, सुरी वाकली. खोबरेल सोडलं, ते लादीवर आलं. काथ्याची दोरी मुठीला बांधून मी आणि बाबल ओढायला लागलो, तर तेलावरून घसरून बाबल माझ्या मांडीवर! तोवर अर्धी वाडी स्वयंपाकघरात.

बाबल उठत म्हणाला, "ह्या साधा नाय. परदेशातसून काय तरी सोबत इला आसा. तू गाऱ्हाणा घाल."

आता वाडीत गाऱ्हाणं, म्हणजे देवाला साकडं, घालण्याचा मान माझा; बाकीच्यांनी फक्त 'होय म्हाराजा' म्हणायचं. नारळ आला. मी ओव्हनसमोर उभा राहिलो, आवाज चढवला:

"बा देवा म्हाराजा! ह्या मस्कतच्या चुलीचा दार जा काय अडाकला आसा, ता मोकळा कर रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"जो कोण ह्या दाराच्या आड इलो आसात, तेका वाटेक लाव रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

सुमन ताटली न्यायला आत आलेली. तिनं कान टवकारले. बाबलच्या घरात मिक्सर घुरघुरत होता. तिनं वर आमच्या बंद पंख्याकडे बघितलं आणि थेट पडवीत गेली.

"आणि आमच्या सुमनाक यश दी रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

घर्रर्र... कट्! दिवा लागला, आणि दार सुटलं!

आत्येनं ओव्हनला हात जोडले. बाबल माझ्या पाया पडला. मीही आशीर्वाद दिला, का देऊ नको?

तेवढ्यात दारातून सुमन म्हणाली, "मेन कोणी बंद केल्यान? कुलूप लाईटीवर चलता. लाईट नाय तर तां उघडतला कसा?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी सुपारी शोधायला लागलो.

पण ती मला बोलत नाही बसली. एका बाजूला ओव्हन, एका बाजूला निखारे, आणि पाचच्या ठोक्याला सगळे खोके भरून तयार! लग्नघरचा माणूस दोन्हीतली एकेक खाऊन म्हणाला, फरक काय तो कळत नाही. तीस वर्षांत मी शंभर इंजिनं उघडली असतील, पण एवढं थंड इंजिन पाहिलं नव्हतं.

जीप गेली. मग सुमननं गाऱ्हाण्याचा तोच नारळ उचलला, ओव्हनसमोर उभी राहिली आणि माझ्याच सुरात म्हणाली,

"बा देवा म्हाराजा! जो कोण ह्या दाराच्या आड इल्लो, त्या आमच्या भावोजींका मेन स्विचापासून लांब ठेव रे म्हाराजा!"

सगळे हसू दाबून गप्प. आणि त्या शांततेत, जन्माच्या सवयीनं, एकटा मीच खणखणीत ओरडलो,

"होय म्हाराजा!"